दहा फूट, मुरमावर

“काका, तुमच्या घराचा पाया किती खोल आहे?” मी विचारलं.

रावसाहेब ढमाळांनी माझं पत्र हातात धरलं होतं, पण वाचलं नव्हतं. चष्मा अजून कपाळावरच होता.

“दहा फूट. मुरमावर. का गं?”

“आमचं जुनं घर पाडून नवीन बांधतेय. खाली तळघर काढायचंय, नऊ फूट खोल. तुमची भिंत आमच्या हद्दीला लागून आहे. तुमचा पाया माझ्या खोदाईपेक्षा वर असेल तर आधी त्याला खालून आधार द्यावा लागेल. म्हणून विचारते. वाटलं तर कडेला एक खड्डा घेऊन बघू.”

“बघायचं काय त्यात? मी बांधलंय घर. मला ठाऊक नाही होय?”

“नक्की दहा?”

“नगरपालिकेत नकाशा आहे, जाऊन बघ.”

नकाशा मी पाहिला होता. त्यावर दहाच फूट होते.

त्यांची सून वैजयंता चहाचे कप ठेवून दाराशी उभी राहिली. नवी नवरी होती, लग्नाला जेमतेम वर्ष झालं असेल. मी कप उचलला आणि म्हणाले, “मग तेवढं पत्राखाली लिहून द्या. मला परवानगीला जोडावं लागतं.”

“अण्णा मास्तरांची पोरगी आम्हाला पाया शिकवायला लागली,” ते सुनेकडे बघून हसले. चष्मा खाली ओढला आणि माझ्याच पेनानं लिहिलं : ‘आमचा पाया जमिनीपासून दहा फूट खोल, पक्क्या मुरमावर आहे. शेजारील खोदाईस आमची हरकत नाही.’ खाली झोकदार सही केली.

मी कागदाची घडी घातली. चहा संपवला. जिना उतरले.

त्यांचा पाया सहा फूट होता. काळ्या मातीवर होता.

ही गोष्ट १९९१ सालची, मार्च महिन्यातली. आमचं गाव कालव्याच्या पट्ट्यातलं, बारामतीपासून तासाभरावर. जमीन काळी, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी. नवजीवन वसाहतीत एका ओळीत बारा घरं, एकमेकांना चिकटलेली. सहा नंबर मुलाणी गुरुजींचं, सात आमचं, आठ ढमाळांचं. ढमाळांचं बाजारपेठेत खताचं दुकान होतं आणि वसाहतीच्या सोसायटीचे ते वीस वर्षं चेअरमन होते. मी तेव्हा बत्तीस वर्षांची. बांधकामातला डिप्लोमा करून दहा वर्षं लोकांची घरं बांधत होते. लग्न केलं नव्हतं. आई आणि मी दोघीच.

त्यांच्या पायाची खोली मला कशी ठाऊक, ते सांगायला सतरा वर्षं मागे जावं लागेल.

मी पंधरा वर्षांची होते. ढमाळांनी खताच्या गोडाऊनसाठी नव्या घराखाली तळघर खोदायला घेतलं. आमची त्या बाजूची भिंत हद्दीवर, चार फूट पायाची. त्यांनी आम्हाला न सांगता, एक टेकूही न लावता, भिंतीच्या कडेनं वीस फूट लांबीची खोदाई एकदम केली. अण्णा, म्हणजे माझे वडील, हायस्कूलात चित्रकला शिकवायचे. ते दोनदा सांगायला गेले. “मास्तर, तुम्ही चित्रं काढा,” असं उत्तर मिळालं. तिसऱ्या दिवशी दुपारी स्वयंपाकघरात भिंतीच्या बुडातून माती सांडल्याचा आवाज यायला लागला. आईला आणि मला अंगणात ढकलून अण्णा पुन्हा आत गेले, पेटता स्टोव्ह विझवायला. तेवढ्यात भिंत आली.

ते वाचले, पण कमरेखाली काही उरलं नाही. तीन वर्षं खाटेवर होते, मग गेले.

पंचनाम्याला पंच ढमाळांच्या ओळखीचे होते. कागदावर आलं ते असं : भिंत घरमालकाने मातीत बांधली होती व न्हाणीचे पाणी तिच्या पायात मुरत होते, शेजारील खोदाई तीन फूट अंतर सोडून करण्यात आली होती. अपघातास घरमालकाचा निष्काळजीपणा कारणीभूत.

अण्णांनी ती भिंत सिमेंटमध्ये बांधली होती. त्यांनी मला ढिगाऱ्यातून सुपारीएवढा का होईना, सिमेंटचा तुकडा आणायला सांगितलं. मी नारळाएवढा आणला. तो त्यांच्या उशाशी असायचा. कुणी भेटायला आलं की ते तुकडा त्याच्या हातात द्यायचे. “फोडून बघा. माती आहे का?” माणसं कानकोंडी होऊन तो परत ठेवायची. शेवटी शेवटी भेटायला येणारे कमी झाले ते त्या तुकड्याला भिऊन, असं आई म्हणायची.

चौकशी लागेल या धाकानं ढमाळांनी तळघर सोडून दिलं, खोदाई होती तिथंच थांबवली आणि पंधरा दिवसांत घाईघाईनं आपली भिंत उभी केली. आम्ही पडक्या बाजूला पत्रे ठोकून राहत होतो. पत्र्याच्या फटीतून मी रोज बघायचे. पायात दगड बसवणारा गवंडी खड्ड्याच्या तळाशी उभा असायचा आणि त्याचं मुंडासं जमिनीच्या वर दिसायचं. दहा फुटांच्या खड्ड्यात मुंडासं दिसत नाही.

एवढंच मला ठाऊक होतं. आणि तेवढं पुरेसं होतं.

आईनं नव्या घराचा नकाशा बघून विचारलं होतं, “आपल्या दोघींना तळघर कशाला गं?” मी म्हटलं, “सामान ठेवायला.” आमच्याकडे दोन ट्रंका आणि एक कपाट होतं. आईनं पुढं विचारलं नाही.

मुलाणी गुरुजींच्या बाजूचं काम कसं झालं ते सांगते. गुरुजी अण्णांबरोबर हायस्कूलात होते, तेव्हा निवृत्त झालेले. मी पत्र घेऊन गेले तर त्यांनी स्वतः कुदळ काढली. आम्ही दोघांनी मिळून भिंतीकडेला खड्डा घेतला. पाया निघाला साडेचार फूट. मी त्यांना कागदावर काढून दाखवलं : भिंतीखालची माती चार-चार फुटांच्या तुकड्यांत काढायची, एक तुकडा सोडून एक. प्रत्येक तुकडा खाली मुरमापर्यंत न्यायचा, काँक्रीट भरायचं, ते घट्ट झालं की मगच शेजारचा. त्यांच्या घरातल्या माणसांनी तोवर पुढच्या खोलीत झोपायचं. गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं.

“आणि ढमाळांच्या बाजूला?” त्यांनी विचारलं.

“त्यांनी दहा फूट लिहून दिलंय.”

गुरुजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली. “लिहून दिलं. आणि तू ते खरं मानलंस?”

“सही आहे त्यांची.”

मी कागदाची गुंडाळी केली आणि उठले.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात गुरुजींच्या बाजूचा आधार पुरा झाला. मग ढमाळांची बाजू धरली. खोदाईचा मुकादम हणमंत धोत्रे. माझ्या बहुतेक कामांवर तोच असायचा. त्याची बायको, मेहुणे, भावजया अशी सात-आठ माणसं असत.

“हितंबी तुकड्या-तुकड्यानंच ना, बाई?” त्यानं विचारलं.

“नाही. सरसकट घ्या.”

“वीस फूट एकदम?”

“मालकानं लिहून दिलंय. पाया दहा फूट आहे.”

त्यानं मान हलवली, पण पटलेलं दिसत नव्हतं. दुसऱ्या दिवशी पाच फुटांपर्यंत गेलो. तिसऱ्या दिवशी, गुरुवारी, सकाळी अकराच्या सुमाराला हणमंतनं खालून हाक मारली.

“बाई, खाली या.”

मी शिडीनं उतरले. त्यानं टिकावाच्या टोकानं दाखवलं. ढमाळांच्या पायाचे दगड तिथं संपत होते. त्याखाली काळी माती. मी टेप लावली. सहा फूट दोन इंच.

“ह्यो दहा फूट न्हाई,” हणमंत म्हणाला. “ह्ये समदं घर मातीवर बसलंय. आता थांबाय पाहिजे. टेकू लावू, तुकडं पाडू, गुर्जींच्या भिंतीवानी करू.”

“आणखी खाली घ्या.”

“बाई?”

“भिंतीच्या बुडाला लागून. दीड फूट.”

त्यानं टिकाव खाली ठेवला. “पल्याड माणसं असत्याल.”

“घरात कुणी नाही,” मी म्हणाले. “सगळे बारामतीला लग्नाला गेलेत. रावसाहेब दुकानात आहेत.”

हणमंतनं भिंतीकडे वर बघितलं. दोन मजले होते. मग आपल्या बायकोकडे बघितलं. ती पाटी भरत होती.

“मी माझी मानसं वर घेतो,” तो म्हणाला. “तुमी मला पुन्हा कामाला बोलवू नका पायजे तर. पर ही मानसं मी हितं ठेवणार न्हाई.”

ती एक-एक करून शिडीनं वर गेली. हणमंत शेवटी गेला. त्याचा टिकाव तिथंच पडला होता. मी साडीचा पदर खोचला आणि उचलला.

आयुष्यात मी शेकडो खड्डे बघितले, पण स्वतः खणलेला हाच. माती सुकी होती, ढेकळं निघत होती. मी दगडांच्या खालून ओढत होते. तळहाताला फोड आला, फुटला. एका जागी हातभर पोकळी झाली की पुढं सरकायचे. मला कसली घाई वाटत नव्हती. अण्णांच्या खाटेशेजारी बसून मी तीन वर्षं शाळेचा अभ्यास केला होता. त्यांची कूस बदलायला आईला मदत केली होती. त्यांच्या पाठीच्या जखमांचा वास मला अजून येतो. प्रत्येक घावाला तो येत होता, आणि प्रत्येक घावाला बरं वाटत होतं.

मग वरून मूठभर माती माझ्या मानेवर पडली. पायातला एक दगड इंचभर खाली आला. भिंतीच्या गिलाव्यात टचकन आवाज झाला, आणि खालून वर एक चीर गेली.

“हेमा!”

वर ढमाळ उभे होते. हणमंतनं गुरुजींना सांगितलं होतं आणि गुरुजींनी दुकानावर माणूस धाडला होता. ढमाळांच्या पायात चप्पल नव्हती.

“हेमा, वर ये! भिंत चाललीय!”

“दहा फूट पाया आहे काका. मुरमावर. कशी जाईल?”

“थट्टा करतेस होय? वर ये आधी! अगं, मरशील!”

“मग पंचनामा होईल. तुमच्या ओळखीचे पंच असतीलच. तुमचा कागद मी नगरपालिकेत जोडलाय. घरमालकाचा निष्काळजीपणा, असं लिहितील.”

त्यांचं तोंड पांढरं पडलं होतं. आता त्यांना सगळं कळलं. मी कुणाची मुलगी आहे ते त्यांना आधीही ठाऊक होतं, पण ते कळलं त्या क्षणी.

“काय पाहिजे तुला?”

“अण्णांची भिंत कशी पडली ते लिहा. आत्ता. तिथं बसून.”

“वर ये, मग बोलू.”

मी टिकाव उचलला आणि दगडाखाली घातला. आणखी माती आली.

“थांब! थांब पोरी, लिहितो!”

गुरुजींनी घरातून वही आणली. ढमाळ मातीच्या ढिगावर बसले. एप्रिलचं ऊन, डोक्याला काही नाही, पेन रुतून दोन कागद फाटले. मी खालून सांगत होते, ते लिहीत होते. मोठ्यानं वाचत लिहा, म्हटलं. ते वाचत होते. तोवर गल्लीतले आठ-दहा जण जमले होते आणि ऐकत होते.

‘सन १९७४ साली मी तळघरासाठी ज्ञानदेव काशीद मास्तर यांच्या भिंतीलगत अंतर न सोडता, आधार न देता, सहा फूट खोदाई केली. मास्तरांनी दोनदा सांगूनही ऐकले नाही. त्यांची भिंत सिमेंटची होती. तिच्यात पाणी मुरत नव्हते. पंचनामा मी खोटा करवून घेतला.’

“सही,” मी म्हणाले.

त्यांनी सही केली. या वेळी झोकदार नव्हती. साक्षीदार म्हणून गुरुजींनी केली, आणि हणमंतनं अंगठा दिला.

मी वर आले. हणमंतला एवढंच म्हणाले, “टेकू लावा.” त्याची माणसं पळतच कामाला लागली. वासे, बल्ल्या, वाळूची पोती, जे मिळेल ते. तीनच्या आत भिंत धरली. पुढचे बारा दिवस मी त्या पायाखालून हललेच नाही. चार-चार फुटांचे तुकडे, एक सोडून एक, थेट मुरमापर्यंत. ढमाळांच्या घराला पहिल्यांदाच खराखुरा नऊ फूट पाया मिळाला, आणि तो मी दिला.

आईला कागद वाचून दाखवला. ती तांदूळ निवडत होती. ऐकून म्हणाली, “पुन्हा वाच.” पुन्हा वाचला. “आणखी एकदा.” तिसऱ्या वेळी ‘भिंत सिमेंटची होती’ इथं तिनं हात वर केला, मी थांबले. ती तेवढंच ऐकत बसली, मी वाचायचं थांबवलं होतं तरी. मग हात पदराला पुसून म्हणाली, “बरं केलंस.”

जुना पंचनामा काही बदलला नाही. फाईलच सापडत नाही, असं सांगण्यात आलं. पण सोसायटीच्या सभेत मी कागद मोठ्यानं वाचला. गुरुजी उठून म्हणाले, यावर सही माझ्यासमोर झाली आहे. ढमाळ त्या सभेला आले नव्हते. महिनाभरात चेअरमनपद गेलं. दुकानाच्या फळीवर बसायला येणारी मंडळी समोरच्या दुकानात बसायला लागली. ते रस्त्यानं जाताना मी मुद्दाम फाटकात उभी राहायचे. ते मान खाली घालायचे. मला आनंद व्हायचा. खोटं कशाला सांगू? दोन वर्षं तो आनंद मला पुरला.

लोकांनी मला विचारलं, तू जाणूनबुजून केलंस का? मी म्हणायचे, त्यांनी लिहून दिलं होतं. लोकांना तेवढं पटायचं. हणमंतनं मात्र त्यानंतर माझं काम घेतलं नाही. निरोप धाडला की त्याची तब्येत बरी नसायची.

हे सगळं मी पुष्कळांना सांगितलेलं आहे. आता सांगते ते सांगितलेलं नाही.

घरात कुणी नाही, असं मी हणमंतला म्हणाले. ते खोटं होतं. बारामतीच्या लग्नाला ढमाळांची बायको आणि मुलगा गेले होते, सून गेली नव्हती. ढमाळांना वाटत होतं की ती गेलीय. ती सकाळी गाडीत बसता बसता उतरून परत आलेली मी फाटकातून पाहिली होती. वैजयंता गल्लीतल्या बायकांचे कपडे शिवायची, आणि तिचं पायमशीन त्याच भिंतीला लागून होतं. मी खाली टिकाव मारत होते तेव्हा भिंतीतून मशीनचा ठोका येत होता. सरळ शिवण चालली की लांब, वळण आलं की थांबत-थांबत. मला तो स्वच्छ ऐकू येत होता. मी हात थांबवला नाही. मध्येच तो बंद झाला. मला वाटलं, ती उठून बाहेर गेली. बरं झालं, असंही वाटलं. मग थोड्या वेळानं पुन्हा सुरू झाला. तरीही मी हात थांबवला नाही. ढमाळ वर बसून लिहीत होते, मी त्यांना एकेक वाक्य सांगत होते, आणि ती भिंतीपलीकडे शिवत होती.

१९९३ च्या मे महिन्यात ढमाळांनी घर विकलं. ते मुलाकडे बारामतीला निघाले. ट्रकमध्ये सामान चढत होतं. रावसाहेब पुढं केबिनमध्ये काच वर करून बसले होते. मी ओट्यावर उभी राहून बघत होते, त्याच दिवसाची वाट बघितल्यासारखी. वैजयंता फाटक उघडून आमच्याकडे आली. कडेवर पोरगी होती, दीड-पावणेदोन वर्षांची.

“येते हेमाताई,” ती म्हणाली. “मामंजींचं तुमचं काय असेल ते असो. माझ्या मनात काही नाही.”

मी पोरीच्या गालाला हात लावला. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, “केव्हाचा जन्म हिचा?”

“सप्टेंबरातला. भिंतीचं झालं तेव्हा चौथा चालू होता. मळमळायचं म्हणून तर लग्नाला गेले नाही. घरातच होते त्या दिवशी. भिंतीपाशीच बसले होते हे कुणाला सांगितलं नाही मी, उगीच आणखी भांडणं वाढायची.”

मी पोरीच्या गालावरचा हात काढून घेतला.

“भिंत वाजायला लागली ना, तशी मी मशीन थांबवून ऐकलं,” ती म्हणाली. “उठणारच होते. मग खालून तुमचा आवाज आला. म्हटलं, हेमाताई स्वतः खाली उतरल्यात, म्हणजे भ्यायचं कारण नाही. परत बसले शिवायला.”

ट्रकचा हॉर्न वाजला. तिनं पोरगी दुसऱ्या कडेवर घेतली आणि माझ्याकडे बघत उभी राहिली, मी काहीतरी म्हणावं म्हणून.

“बरोबर केलंस,” मी म्हणाले.